काठी, मीटर आणि दीडशेच्या आतला धूर

२०२४चा ऑगस्ट. गणपतीची चवथ तोंडावर आलेली, माझ्या टेबलावर बोनसचे कागद पसरलेले, आणि साहेबांनी एक ईमेल माझ्याकडे सरकवली. वर एवढंच लिहिलं होतं, "हे तुम्हीच बघा, हिशेबाचं काहीतरी दिसतंय." जर्मनीच्या गिऱ्हाइकाने एक्सेलची भलीमोठी फाइल पाठवली होती. ती सगळी भरून झाली की शेवटी एका चौकोनात एक आकडा यायचा होता: तुमच्या एक टन मालामागे हवेत किती कार्बन डायऑक्साइड गेला?

मी गोव्यातल्या साखळी गावची. फोंड्याकडच्या एका औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या कारखान्यात चोवीस वर्षं हिशेब लिहिते आहे. आम्ही फ्लँज बनवतो. पाइपाला पाइप जोडताना मध्ये भोकं पाडलेली जाड लोखंडी चकती असते ना, ती. पोलादाचा दांडा कापायचा, भट्टीत लालबुंद करायचा, हातोड्याखाली ठोकायचा, मग लेथवर चढवायचा. मी बी.कॉम. कार्बन डायऑक्साइडशी माझी ओळख दहावीच्या विज्ञानापुरती, आणि तेव्हाही पेपर सोपा होता म्हणून वाचले.

ही भानगड काय ते थोडक्यात सांगते. युरोपातल्या पोलाद, सिमेंटच्या कारखान्यांना २००५पासून धुराचे परवाने घ्यावे लागतात. धूर टनावर मोजायचा, तेवढे परवाने हातात हवेत, आणि परवान्याला बाजारभाव असतो. २०२५मध्ये तो टनाला ७० युरोंच्या आसपास घुटमळत होता. मग तिथल्या कारखानदारांनी साहजिकच ओरड केली की आम्ही पैसे भरायचे आणि बाहेरचा माल फुकट आत? त्यातून आला सीमेवरचा कार्बन कर, ज्याला सगळे सीबॅम म्हणतात. १ ऑक्टोबर २०२३पासून आयातदारांनी नुसती माहिती द्यायची, १ जानेवारी २०२६पासून पैशांचा हिशेब सुरू. सुरुवातीला कोष्टकातले ठरीव आकडे भरले तरी चालायचे, ती सवलत ३१ जुलै २०२४ला संपली. म्हणून ऑगस्टमध्ये आमची आठवण झाली.

पहिला हिशेब मला सोपा वाटला. फर्नेस ऑइल लिटरला साधारण तीन किलो कार्बन डायऑक्साइड देतं. (लिटरभर तेल किलोच्या आत भरतं, मग धूर तीन किलोचा कसा? मुलाने समजावलं की जळताना हवेतला ऑक्सिजन येऊन चिकटतो, त्याचं वजन. बरं.) म्हणजे महिन्याला किती लिटर तेल जाळलं आणि किती टन फ्लँज निघाले एवढं कळलं की झालं. भट्टीचं रजिस्टर मागवलं. टनाला ११४ लिटर. पुढचा महिना, ११४. त्याच्या मागचा, ११४. पाऊस असो, गरमी असो, लाइट दिवसात चार वेळा जावो, आमची भट्टी टनाला ११४ लिटरच खात होती.

मी फोरमनबाबांना खाली बोलावलं. साठीला आलेले गृहस्थ, रजिस्टर त्यांच्या हातचं. ते जरा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "मॅडम, टन किती झाले ते मला कळतं. टनाला एकशेचौदा, असं मी आलो तेव्हाच्या साहेबांनी सांगितलं होतं. गुणिले करून लिहितो."

"आणि टाकीत काठी कोण घालतं?"

"टँकर आला की घालतो. रोज कशाला?"

टाकी आमच्या शेडच्या मागे आहे, आडवी, ड्रमसारखी लोळवलेली. वरचं झाकण उघडून पितळी काठी खाली सोडायची, तेल कुठवर चिकटलं ते बघायचं. काळं, घट्ट तेल, नखात गेलं की दोन दिवस जात नाही. आडव्या टाकीची गंमत अशी की प्रत्येक सेंटिमीटरला सारखं तेल नसतं. मधला सेंटिमीटर पोटाचा, त्यात लिटर जास्त. तळाचा आणि माथ्याचा सेंटिमीटर म्हणजे चिंचोळी पट्टी. त्यासाठी तक्ता असतो. आमचा तक्ता ऑफिसच्या कपाटात होता, फोरमनबाबांनी तो कधी पाहिलाच नव्हता. ते सगळे सेंटिमीटर सारखे धरत होते.

सप्टेंबरभर आम्ही रोज सकाळी काठी घातली. मी तक्त्यावरून लिटर काढले. टनाला १२१ निघाले.

आता माझी पाळी. तेल विकत किती घेतलं याची बिलं तर माझ्याकडेच असतात. रजिस्टरप्रमाणे खर्च आणि बिलांप्रमाणे खरेदी यांत दरवर्षी तूट यायची. सात लिटर टनामागे, महिन्याला ९५ टन, बारा महिने: जवळजवळ आठ हजार लिटर. एवढी तूट मी काय करत होते? "टँकर उतरवताना घट" या नावाखाली खर्ची टाकत होते. टँकरवाला कमी भरतो असं आमच्याकडे सगळे मानून चालायचे, चहा पिताना त्याला शिव्याही देऊन झाल्या होत्या. तो बिचारा पूर्ण माप देत होता. तेल भट्टीतच जळत होतं. जेवणाच्या सुट्टीत भट्टी चालूच, दाराच्या विटा ढिल्या, बर्नरच्या तोंडाला काजळी. चोवीस वर्षांतली किती वर्षं मी हे पुसून काढलं ते मोजायचं धाडस केलेलं नाही.

इथे मला थांबून एक आकडेमोड दाखवायची आहे, कारण माझं सगळं म्हणणं तिच्यातच आहे. आठ हजार लिटर म्हणजे २४ टन कार्बन डायऑक्साइड. युरोपच्या भावाने लावला तर वर्षाला सुमारे दीड लाख रुपये. आणि तेच आठ हजार लिटर तेल, लिटरला पन्नास रुपये धरा, चार लाखांचं. म्हणजे धुरावरच्या कराच्या अडीचपट दंड आम्ही आधीपासूनच भरत होतो, रोख, आगाऊ, स्वतःच्या खिशातून. तरी भट्टीचं दार कुणी दुरुस्त केलं नाही. अर्थशास्त्रज्ञ म्हणतात, धुराला दर लावा, कारखानदार आपोआप शहाणा होईल. आमच्याकडे दर होता. मोजणारं कुणी नव्हतं.

हे लोक काय म्हणतात ते मी नंतर थोडंफार वाचलं. जुनी गोष्ट पिगू नावाच्या अर्थशास्त्रज्ञाची. १९२०मध्ये त्याने लिहून ठेवलंय की एकाच्या धंद्याचं नुकसान दुसऱ्याच्या डोक्यावर पडत असेल तर तेवढा कर लावावा. त्याच्या उदाहरणांत रेल्वे इंजिनाच्या ठिणग्यांनी जळणारं रान आहे. वाचून हसू आलं, कारण आमच्याकडे मुरगाव बंदरात उतरलेला कोळसा रेल्वेनेच सावर्डे, कुळेवरून घाट चढून कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांना जातो, आणि रुळांकाठच्या घरांची काळ्या धुळीची तक्रार जुनी आहे. मग १९७४मध्ये वाइट्झमन या दुसऱ्या अर्थशास्त्रज्ञाने वाद मांडला की दर ठरवावा की एकूण प्रमाण ठरवून द्यावं. दोन्ही बाजूंना पटण्यासारखं आहे. पण या वादात बहुतेक ठिकाणी एक गोष्ट आधीच गृहीत धरलेली असते, की धूर किती निघाला ते माहीत आहे. अहो, तिथेच तर घोडं अडतं!

भट्टीच्या धुराड्याची दर काही महिन्यांनी चाचणी होते. प्रयोगशाळेचा मुलगा येतो, शिडीवरून वर चढतो, धुराड्याच्या भोकातून नळी आत घालतो. नळीत एक कागदी टोपण असतं, थिंबल म्हणतात. पंप अर्धा तास हवा ओढतो, धुळीचे कण टोपणात अडकतात. आधीचं वजन, नंतरचं वजन, फरकावरून घनमीटरला किती मिलिग्रॅम ते काढतात. मर्यादा १५०. बिल माझ्याकडे येतं, सोबत रिपोर्टची प्रत. जर्मन फाइलच्या निमित्ताने मी जुने रिपोर्ट काढून ओळीने मांडले. ११८, १२४, ११६, १२१, ११९. कधी १३०च्या वर नाही, ११०च्या खाली नाही. भट्टीवालाच भट्टीचं रजिस्टर गुणिले करून लिहितो तेव्हा काय दिसतं ते मी नुकतंच पाहिलं होतं. हे अक्षर ओळखीचं वाटलं.

आणि या प्रयोगशाळेला पैसे कोण देतं? आम्ही. चेकवर सही साहेबांची, व्हाउचर माझं.

गुजरातमध्ये नेमका याचा प्रयोग झालेला आहे. अर्थशास्त्रज्ञ एस्थर डुफ्लो आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथल्या प्रदूषण मंडळाबरोबर केला, २०१३मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या पद्धतीत तपासनीस कारखान्याने नेमलेला, पैसे कारखान्याचे. त्यांच्या रिपोर्टांत धुळीचे आकडे १५०च्या जरा खाली दाटीवाटीने उभे. मग काही कारखान्यांसाठी पद्धत बदलली: तपासनीस चिठ्ठी टाकून ठरवायचा, पैसे एका सामाईक निधीतून ठरलेल्या दराने द्यायचे, आणि काही रीडिंग दुसऱ्याकडून पुन्हा घ्यायची. आकडे खरे येऊ लागले. आणि ते खरे येताहेत म्हटल्यावर त्या कारखान्यांचं प्रदूषणही घटलं. ना नवा कर लागला, ना नवा कायदा. तपासनीस कोण नेमतो, चेक कोणाच्या हातून जातो आणि आकडा पुन्हा कोण तपासतो एवढंच बदललं.

त्याच गुजरातमध्ये, सुरतेत, २०१९पासून धुळीच्या परवान्यांचा बाजार चालला. कापडगिरण्यांच्या धुराड्यांना सतत मोजणारी यंत्रं बसवली, सगळ्यांनी मिळून किती धूळ सोडायची ते ठरवलं, परवाने वाटले, आणि ज्याला कमी करणं स्वस्त पडतं त्याने करून उरलेले परवाने विकावेत अशी सोय केली. या बाजारात आलेल्या गिरण्यांची धूळ २० ते ३० टक्क्यांनी घटली, असा अभ्यासाचा निष्कर्ष आहे. बातम्यांत बाजाराचंच कौतुक झालं. माझी नजर यंत्रांवर गेली. धुराड्यावर यंत्रच नसतं तर विकायला होतं काय?

भरपाईचाही अनुभव आमच्या घरात आहे, म्हणून तोही लिहिते. बाबांचं शेत लोहखनिजाच्या खाणीच्या खालच्या अंगाला. पावसात डोंगरावरून तांबडा गाळ उतरायचा आणि भातात बसायचा. खाण कंपनी भरपाई द्यायची, चौरस मीटरवर. कोस नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९६०मध्ये म्हटलंय की हक्क कोणाचा ते स्पष्ट असेल आणि घासाघीस फुकटात होत असेल तर दोघे बसून आपसात मिटवतील आणि निकाल चांगलाच लागेल. आमच्याकडे दोघे बसले खरे. एका बाजूला कंपनीचा माणूस टेप घेऊन, दुसऱ्या बाजूला बाबा छत्री घेऊन. गाळ किती चढला ते कुणी मोजलं नाही, शेत किती ते मोजलं. पहिली काही वर्षं बाबा गाळ काढून वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरचं भात, करायचे. मग त्यांच्या लक्षात आलं की शेत केलं काय, न केलं काय, चेक तेवढाच येतो. शेत पड राहिलं. आई म्हणायची, "भात दिसेना, पण पीक दर वर्षी येतंय." २०१२मध्ये खाणी बंद झाल्या, चेक थांबला. गाळ तसाच आहे. आता तिथे नांगर घालायचा तर आधी जेसीबी लागेल.

सुप्रीम कोर्टाने २०१४मध्ये गोव्याच्या खनिजाला वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली आणि विक्रीच्या दहा टक्के रक्कम कायमच्या निधीत टाकायला सांगितली. वाइट्झमनच्या भाषेत हा प्रमाण ठरवण्याचा मार्ग. टन मोजता येतात, बार्जमध्ये चढतात, रॉयल्टीची पावती फाटते. आईच्या तुळशीवर बसलेली धूळ मात्र कुठल्याच पावतीत आली नाही, आणि माझ्या भावाच्या खनिज वाहणाऱ्या ट्रकचं कर्जही नाही. दोन्ही एकाच घरात होतं, म्हणून खाणीबद्दल कुणी तावातावाने बोलायला लागलं की मी उठून चहा ठेवते.

आता थोडं फक्त हिशेबवाल्यांसाठी, बाकीच्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. आपल्याकडे कोळशावर २०१०मध्ये टनाला ५० रुपये उपकर लागला, वाढत वाढत २०१६मध्ये ४०० झाला. टनभर देशी कोळशातून दीड टनाच्या वर कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे हा नकळत लावलेला कार्बन करच, टनाला अडीचशे रुपयांच्या आसपास. २०१७पासून तो जीएसटीच्या भरपाई उपकरात गेला. सप्टेंबर २०२५मध्ये उपकर रद्द झाला आणि कोळशावरचा जीएसटी ५वरून १८ टक्के केला. पेपरात मथळा आला की कोळशावरचा कर वाढला. शेजारच्या युनिटचा बॉयलर कोळशावर आहे, तिथल्या अकाउंटंटने मला फोन केला, हसतच. कारण जीएसटीचं क्रेडिट मिळतं. १८ टक्के भरले की विक्रीच्या करातून वजा. त्या ४०० रुपयांचं क्रेडिट त्यांना वापरता येत नव्हतं, ते खर्चातच अडकायचे. म्हणजे दर वाढला आणि खर्च कमी झाला! वीजकेंद्रांचं वेगळं, विजेवर जीएसटी नसल्यामुळे त्यांना क्रेडिट मिळत नाही. पण तिथेही स्वस्त कोळशावर एकूण कर आधीपेक्षा कमीच पडतो. धुराला लावलेला दर धुरापर्यंत पोचतो की मध्येच कुठल्या खात्यात जिरतो, हे व्हाउचर फाडणाऱ्याला आधी कळतं.

जर्मन फाइलकडे परत येते. आमच्या भट्टीचा धूर टन फ्लँजमागे ०.३६ टन निघाला. पण फाइलने दांड्यांचा धूरही विचारला होता, आम्ही ज्या गिरणीतून पोलाद घेतो तिथला. देशाची सरासरी धरली तर टन पोलादाला अडीच टन, आणि टनभर फ्लँजला सव्वा टनाच्या जवळ दांडा लागतो. म्हणजे आम्ही काठी घालून, विटा बसवून जे वाचवलं ते या तीनेक टनांपुढे चिमूटभर. गिरणीला पत्र लिहिलं. उत्तर म्हणून एका ओळीचा आकडा आला, गोल, शेवटी दोन शून्यं. मी तो तसाच भरला. दुसरं काय करणार?

विजेचं आणखी मजेशीर. गोव्यात स्वतःची वीज जवळजवळ बनतच नाही. आमच्या हातोड्याचा धूर छत्तीसगडात कोरब्याच्या वीजकेंद्रात निघतो, देशाच्या सरासरीने युनिटला साधारण ०.७ किलो. आम्ही तो भरलाही. पण पोलादाच्या मालावर पैसे आकारताना युरोप फक्त भट्ट्यांतला थेट धूर धरणार, आमचा आणि गिरणीचा, विजेचा नाही. म्हणजे उद्या आम्ही तेलाची भट्टी काढून विजेची बसवली तर आमचा वाटा युरोपच्या कागदावर जवळजवळ स्वच्छ, आणि कोरब्याला काय ते कोरबेकरांनी बघावं. साहेबांना हे सांगितलं तर ते खुर्चीत सावरून बसले आणि विजेच्या भट्टीचं कोटेशन मागवा म्हणाले. मला वाटतं मी चुकीच्या टोकाने सांगितलं.

तसे पैसे आमच्यावर थेट पडत नाहीत, आयातदार भरणार. पण युरोपातल्या कारखान्यांना फुकट मिळणारे परवाने २०३४पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद होत जातील तसा हा भार चढत जाईल, आणि गिऱ्हाईक तो भावात कापून घेणार हे कळायला अर्थशास्त्र लागत नाही. आपल्या देशात कार्बनचे पैसे भरलेले असतील तर ते तिथे वजा होतात. भारताची स्वतःची कार्बन क्रेडिट योजना २०२३मध्ये अधिसूचित झाली, पण ती मोठ्या कारखान्यांची. आमच्यासारख्यांची गणती त्यात नाही.

दाराच्या विटा डिसेंबरात बसवल्या. जेवणाच्या सुट्टीत भट्टी आता मंद करतात. जानेवारी २०२५मध्ये तेलाच्या लाइनीवर मीटर बसला. टनाला ११५वर आलो आहोत, म्हणजे इतकी वर्षं खोटा लिहिलेला आकडा आता खरा व्हायच्या बेतात आहे.

मार्चमध्ये प्रयोगशाळेचा मुलगा आला तेव्हा मी खाली जाऊन उभी राहिले. साडीतली बाई धुराड्याखाली बघून तो बावरला. फोरमनबाबांना हळूच म्हणाला, "रिपोर्ट नेहमीसारखाच ना?" मी म्हटलं, वजनाची कच्ची पावती पण द्या. आठ दिवसांनी आकडा आला, १६३. साहेब दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलले. मग बर्नर उतरवून साफ केला, जेट बदलला, महिन्याने पुन्हा चाचणी केली, १३७. हेही लिहून टाकते की प्रदूषण मंडळाच्या फाइलला १३७वाला रिपोर्ट लागला. १६३चा माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, बोनसच्या जुन्या कागदांखाली.

मीटर बसला तरी फोरमनबाब रोज सकाळी काठी घालतातच. तक्ता आता लॅमिनेट करून टाकीजवळ लावला आहे. मीटरचा आकडा ते पेनने लिहितात आणि शेजारी काठीचा पेन्सिलने. परवा दोघांत चाळीस लिटरचा फरक आला. मी विचारलं, कोणाचं खरं? ते म्हणाले, "मीटरवाल्याला बोलवा. काठी मी पुसून परत घातली आहे."